नवरा : हं

१

त्या साली सोसायटीच्या गोदामात ना खत होतं, ना बी. दुष्काळाचं दुसरं वर्ष. उंदीरसुद्धा गोदाम सोडून गेले होते. सुमनबाईंनी कामाला जागा मागितली तेव्हा मी गोदामच उघडून दिलं. मी चेअरमन होतो. शाळा चौथीपर्यंत, पण गावात माझ्या शब्दावर कुणी शब्द बोलत नसे. घरातही नाही.

सुमनबाई पुण्याहून आल्या होत्या, नारूच्या अभ्यासाला. आमच्या पायऱ्यांच्या बारवेचं पाणी पिऊन वर्ष झालं की लोकांच्या पायातून नारू निघायचा. दोऱ्यासारखा पांढरा जंत. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटतो आणि पाय नासतो. डॉक्टर येऊन पाय बघून जायचे. सुमनबाई पाय बघत नव्हत्या. त्या बायकांच्या घरी जायच्या, टेपरेकॉर्डर ठेवायच्या आणि त्यांना दुखण्याचं बोलू द्यायच्या. कॅसेट पुण्याला जायच्या. तिथं एक मुलगी ऐकून सगळं टाइप करायची. एक कॅसेट आणि तिचे कागद असं परत यायचं.

मग बाई कात्री घ्यायच्या. कागद कापून पट्ट्या करायच्या. एकेक बोलणं, एकेक पट्टी. फरशीवर ढीग लावायच्या. पाण्याचा ढीग, दुखण्याचा ढीग, लाजेचा, नवऱ्याचा. वारं यायचं म्हणून ढिगांवर सोसायटीच्या तराजूची लोखंडी वजनं ठेवायच्या. सगळ्यात मोठं वजन नवऱ्याच्या ढिगावर.

"एवढं काय बोलतात वो नवऱ्यावर?" मी एकदा विचारलं.

"घरी कुणी ऐकत नसेल, अण्णा. म्हणून मला सांगतात."

"घरात बोलायचं काय असतंय? भाकरी, पाणी, जनावर. त्यात सगळं आलं."

बाई हसल्या. पट्टी उचलून नवऱ्याच्या ढिगावर ठेवली.

माझं रोजचं ठरलेलं होतं. सकाळी टँकर यायचा, त्याच्याभोवतीची भांडणं मोडायची. मग जनावरांच्या छावणीवर चक्कर. ऊन वर आलं की गोदामात. बाई पट्टी वाचायच्या, शब्द अडला की मला विचारायच्या. कागदावर नाव नसायचं. 'बाई' एवढंच. नाव उघडं करायचं नाही असा त्यांचा नियम. पण मी गावचाच. सारजाबाई कोणती, कडूबाई कोणती, मला ऐकताच कळायचं. मी बोलून दाखवत नसे.

"आन् तुमी मधी काय बोलता, ते का न्हाय कागदावर?"

"मी बोलतच नाही. आम्हाला तसंच शिकवलंय. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. हूं सुद्धा म्हणायचं नाही. आपण हूं म्हटलं की माणूस त्या बाजूला झुकतं."

मला नवल वाटलं. आमच्याकडं सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तो थांबला की ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं. आम्ही लहानपणी पेंगलो, हुंकार चुकला, की आई गोष्ट तिथंच सोडून उठायची. म्हणायची, रिकाम्या जागेत बोलू नये.

"हुंकार न्हाय तर बोलतात तरी कशा?"

"थोडा वेळ चाचरतात," बाई म्हणाल्या. "मग बोलतात."

२

छावणीत नवा चारा येऊन पडला होता, त्या आठवड्यातली गोष्ट. बाई वाचत होत्या.

"'पाहुणा पायात बसूनच हाय, उठायचं नाव घीना.' अण्णा, हे काय? कसला पाहुणा?"

"पाहुणा म्हणजी नारू."

"असं म्हणतात इकडं?"

"म्हणतात."

खोटं होतं. गावात कुणीच म्हणत नाही. एकटी म्हणते. माझी बायको, जाईबाई. मागच्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यातून नारू निघाला होता, ओढताना तुटला आणि पाय अजून बरा नव्हता. मुलगी उमरग्याला दिलेली, घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर बाहेर. ती माजघरात पडून असायची. संध्याकाळी मी विचारायचो, कसं हाय? ती म्हणायची, पाहुणा हाय अजून. एवढंच आमचं बोलणं.

मी हात पुढं केला. "बघू."

बाईंनी सहज पट्टी दिली. टाइपाची अक्षरं मला वाचता येत होती. पाहुण्याची ओळ होती. तिच्याखाली होतं :

नवरा : हं.

खाली परत तिची एक ओळ. परत :

नवरा : हं. मग?

"ह्ये कुणी लिहिलं?"

बाईंचा चेहरा उतरला. "ओळखलंत तुम्ही. माझं चुकलं, अण्णा. ही पट्टी तुमच्यापुढं यायला नको होती. पण तुम्ही तर होताच तिथं. ती काय बोलली ते तुम्हाला ठाऊकच आहे."

"म्या कुठं व्हतो?"

"आतल्या खोलीत. दाराच्या आड. मला आधी अवघडल्यासारखं झालं, म्हटलं नवरा बसलाय, आता काय बोलणार ही. पण तुम्ही इतकं शांत ऐकत होता, मीच गप्प राहिले. टाइप करणाऱ्या मुलीनंही ओळखलं बघा. नवरा म्हणून लिहिलंय."

कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती. त्या दिवशी मी ढोकीला होतो. कारखान्यावरून छावणीसाठी उसाचं वाढं आणायला गेलो होतो. मुक्काम ट्रकमध्येच झाला होता.

हे मी बाईंना सांगितलं नाही. माझ्या माघारी माझ्या घरात पुरुष बसतो, हे परक्या बाईला सांगायचं? पट्टी परत दिली. त्यांनी ती नवऱ्याच्या ढिगावर ठेवली आणि वजन वर ठेवलं.

३

घर माळवदाचं. पुढं ओसरी, मग माजघर, मागं आतली खोली. त्या खोलीला खिडकी नाही. छताला उजेडापुरतं एक भोक आहे, ते पावसाळ्यात फरशीनं झाकतो. दोन वर्षं झाकायची गरज पडली नव्हती. त्या भोकातून उन्हाचा एक तुकडा आत पडतो आणि दुपारभर भिंतीवरून सरकतो. खोलीत धान्याच्या दोन रिकाम्या कणग्या, एक रांजण, माझं जुनं घोंगडं. दुसरं काही नाही.

मी घोंगडं उचलून बघितलं. भिंतीजवळची जमीन बघितली. जाईबाईनं खोली सारवलेली होती. सारवणावर एका जागी माणूस बसतो तेवढा भाग घासून गुळगुळीत झाला होता.

"हितं कोण बसतंय?"

"कुठं?" ती चुलीपुढून म्हणाली.

"हितं. भिंतीला टेकून."

"कोण बसणार?"

तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. आवाज नेहमीचा. पण मी तिच्याकडं बघत राहिलो. पन्नाशी ओलांडलेली बाई. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. तिनं कुंकू नीट कोरलं होतं. केस विंचरले होते. दुष्काळात, पाण्याची ही तऱ्हा असताना, कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी मी टँकरवाल्या धुळाप्पाला गाठलं. मुरूम गावाकडचा गडी. जीभ सैल. गावातल्या बायका त्याच्याशी हसून बोलतात, एक घागर जास्त मिळावी म्हणून.

"धुळाप्पा, माझ्या घराकडं जातो का रं तू?"

"पाणी न्यायाला कुणी आलं न्हाय की हाळी देतो. तुमच्या मालकीणबाई पायानं अधू, म्हणून घागर नेऊन ठेवतो. का, काय चुकलं का चेअरमन?"

"आत जातो?"

तो हसला. "तुमी आत बसलेले असताना माझी काय छाती हाय वो? परवा म्या हाळी दिली, घागर ठिवू का? तुमीच आतनं हं म्हणलात. म्या म्हणलं, आज चेअरमननी शिवी न घालता जबाब दिला, पाऊस पडतोय वाटतं."

टँकरभोवतीच्या बाया हसल्या. मी त्याची गचांडी धरणार होतो. पण तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस मला कळतो.

परवा मी दिवसभर छावणीवर होतो.

४

बाई पुण्याच्या साहेबांना फोन करायला उमरग्याला गेल्या. गोदामाची एक किल्ली माझ्याकडं होती. भर दुपारी मी आतून कडी लावली. टेपरेकॉर्डर कसा लावतात ते मी बघून ठेवलं होतं. कॅसेटवर नाव नव्हतं, पण तारीख होती.

पहिल्यांदा नुसती खरखर. मग बाईंचा आवाज, दुखण्याचं सांगा म्हणून. मग जाईबाई. दोन शब्द बोलायची, थांबायची. बाई गप्प. ती परत दोन शब्द, परत थांबायची. पाण्यात पाय घालायच्या आधी दगड चाचपतात तशी. पुढून हुंकार येईना.

आणि मग आला.

हं.

मी बटण दाबून थांबवलं. परत ऐकलं. परत ऐकलं. आवाज माझा होता.

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात. पण बाईंनी एकदा मला गंमत म्हणून माझंच बोलणं या मशीनवर ऐकवलं होतं, तेव्हापासून मला तो ठाऊक होता. मी मनाशी म्हटलं, हेच असणार. माझ्या त्या बोलण्यावरच हे टेप झालं असेल. खालचं वर आलं असेल. मशीनच ती. पण मी तेव्हा बाजारभावावर बोललो होतो. मी कुणाला हं म्हटलं नव्हतं. आणि हा हं नेमका जाईबाई थांबेल तिथंच येत होता. श्वासभर आधी नाही, श्वासभर नंतर नाही.

माझाच आवाज, पण त्याला घाई नव्हती. माझ्या घशात एवढी सवड कधीच नव्हती.

मग तिचं बोलणं सैल झालं. अशी ती बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

"पायात नुसती आग व्हती बगा. दुपारचं बारवंवर कुणी न्हवतं. म्या पायऱ्या उतरले आन् पाय पाण्यात सोडला. लई गार वाटलं. नारूचा पाय पाण्यात घालू नका म्हणून डाक्टर सांगून गेलते. त्यानं पाणी नासतं, म्हाईत व्हतं मला."

हं.

"औंदा कडूबाईला झाला. तिच्या सुनंला झाला. माझ्यामुळंच की."

हं. मग?

"आमच्या मालकांनी सभा घेतली. म्हणाले, पाय घालनारी घावली तर चावडीपुढं उभी करीन. म्या तितंच खाली बसले व्हते. त्यास्नी कसं सांगू?"

"सांगितलंस की," तो आवाज म्हणाला. माझा आवाज. "झालं आता."

मग बराच वेळ नुसतं तिचं रडणं. आणि त्याचं हं. हलकं हलकं. काडीला दोरा गुंडाळावा तसं, न तोडता.

गोदामाचे पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. मी फरशीवर बसून होतो. तिनं बारवेत पाय घातला त्याचा मला राग आला नाही. नंतरही आला नाही. मला एवढंच लागलं होतं की तिनं त्याला सांगितलं. 'मालकांना कसं सांगू' हे ती त्याला विचारत होती. म्हणजे तो मालक नव्हे हे तिला ठाऊक होतं. तरी सांगितलं.

मी बाकीच्या कॅसेट लावून बघितल्या. सारजाबाई, कडूबाई, सगळ्या. कुणाच्या बोलण्यात हुंकार नव्हता. फक्त माझ्या घरात होता.

५

त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेलो. ओसरीवर बसलो. तिला म्हणालो, "हितं बस. काय तरी सांग."

"काय सांगू?"

"दुखण्याचं सांग. पाहुण्याचं सांग. म्या हं म्हनतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खांबाला टेकून बसली. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात..."

"हं."

ती दचकली. "अजून कुटं काय म्हणाले म्या?"

"बरं. बोल."

"मागच्या उन्हाळ्यात पाय लई दुखायचा." ती थांबली. मी वाट बघितली, पुढं काहीतरी येईल म्हणून. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग माझ्या ध्यानात आलं. "हं," मी म्हणालो. हजेरी द्यावी तसा. ती वेळ निघून गेली होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात, त्यानंच जास्त लागलं. "तुमाला न्हाय जमत."

"मग कुणाला जमतंय?"

तिची नजर एकदा माजघरातून आतल्या खोलीच्या दाराकडं गेली.

"मला बारवंचं ठाऊक हाय," मी म्हणालो.

तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्या तुमाला सांगितलं न्हाय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मी गोदामाचं जुनं कुलूप घरी आणलं. आतल्या खोलीला लावलं. किल्ली करदोट्याला बांधली. जाईबाईनं का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

६

काही दिवस गेले. मी छावणीवर असायचो, पण हात सारखा कमरेला जायचा. किल्ली असायची.

मग एका दुपारी काम टाकून निघालो. गल्लीत कुणी नव्हतं. कुत्री सावलीला निपचित पडलेली. माझ्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी वहाणा बाहेर काढल्या आणि ओसरीवर चढलो.

आत ती बोलत होती.

शब्द नीट कळत नव्हते. लहान असताना माहेरी कधी काय झालं त्याचं काहीतरी होतं. मधे हसत होती. माझ्या घरात मी ते हसू ऐकलेलं नव्हतं. ती थांबली की आतून यायचं. हं. परत तिचं बोलणं. हं. मला वाटलं, भिंतीपलीकडून येत असेल. पण पलीकडचा बलभीम बायकापोरांसकट ऊसतोडीला गेलेला. मला वाटलं, रिकाम्या रांजणात तिचाच आवाज घुमत असेल. पण घुमणारा आवाज कुणी थांबायची वाट बघत नाही.

मी माजघराच्या उंबऱ्यापाशी गेलो.

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. कुलूप कोयंड्याला तसंच लटकत होतं, लावलेलं. जाईबाई दाराशी बसली होती, दुखरा पाय लांब करून, माझ्याकडं पाठ. भोकातून पडलेला उन्हाचा तुकडा आत भिंतीच्या बुडाशी आला होता. त्या उजेडात एक गुडघा होता. धोतराचा काठ. टाचेवर अंगठा घासणारा हात. विचारात असलो की मी तशी टाच घासतो. वरचं अंधारात होतं. कमरेला करदोट्यापाशी काहीतरी चकाकलं. किल्ली.

मी माझ्या कमरेला हात लावला. माझी किल्ली माझ्याजवळ होती.

हात घासायचा थांबला.

जाईबाईनं वळून बघितलं. आधी कपाळाला आठी पडली. मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. परक्या माणसापुढं ओढतात तसा.

"कोण पायजे?"

मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"मालक घरातच हायेत," ती म्हणाली. "काय काम हाय? बसा वसरीवर. लांबून आलायसा जनू."

ती भिंतीला धरून उठली. चुलीपाशी गेली आणि तांब्या घेऊन आली. धुळाप्पाच्या घागरीतलं पाणी, त्या दिवसांत तुपासारखं जपून वाढायचं. माझ्या हातात तिनं काठोकाठ भरलेला तांब्या दिला. मला ती कधी भरून देत नसे. घरच्या माणसाला अर्धा द्यायची रीत होती.

मी ओसरीवर बसून प्यालो. तांब्या पालथा ठेवला. आत ती परत बोलायला लागली होती.

७

त्यानंतर मी गोदामातच राहिलो. छावणीचं काम आहे म्हणून सांगितलं. गावात कुणी काही विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. धुळाप्पा सकाळी म्हणायचा, "चेअरमन, आत्ता तुमच्या घरी घागर ठिवून आलो आन् तुमी हितं? पाय लई चालतोय तुमचा." मी त्याला शिवी घालायचो. मग तो निवांत व्हायचा.

पण दुपारी माझे पाय घराकडं वळायचे. ओसरीवर कडेला बसायचो. तिला ओसरीवरचं दिसत नसे. ती आत बोलायची. मी कान देऊन ऐकायचो आणि ती थांबली की हळूच हं म्हणायचो. किती वेळा म्हटलं असेल. एकदा तरी माझा हुंकार त्याच्या आधी जावा एवढंच होतं. एकदाही गेला नाही. ती थांबायची, मी श्वास घ्यायचो, तोवर आतून आलेला असायचा. माझा त्याच्या मागून जायचा, रिकाम्या जागेत.

गाव सोडायच्या आधी सुमनबाई तिच्याशी एकदा शेवटचं बोलून गेल्या. त्या माजघरात, टेपरेकॉर्डर मधे. मी बाहेर माझ्या जागेवर. जाईबाईचा पाय बरा झाला होता. ती बारवेचंसुद्धा बोलली, मोठ्यानं, न रडता. मी माझं हं म्हणत राहिलो.

कागद आले. बाईंनी कात्री घेतली. गोदामाचं दार उघडं होतं आणि बाहेर धुळीचं वारं सुटलं होतं. त्या कापत होत्या, ढिगांवर ठेवत होत्या. एका पट्टीपाशी थांबल्या. दोनदा वाचली.

"अण्णा, त्या दिवशी तुमच्या ओसरीवर कोण बसलं होतं?"

"का?"

"टाइप करणाऱ्या मुलीनं निराळं लिहिलंय. बघा. तुमच्या प्रत्येक हं नंतर आणखी एक आहे. तिला वाटलं, कुणी आलं-गेलं असेल." त्यांनी पट्टी माझ्यापुढं धरली. "माझी ओसरीच्या दाराकडं पाठ होती. पण तुम्ही तर आतून समोर बघत होता. तुम्हाला दिसला असेल ना?"

मी वाचलं.

बाई : आता मला कशाचं भ्या न्हाय.

नवरा : हं.

पाहुणा : हं.

"असंल कुणीतरी," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. पट्टी घेऊन त्या ढिगांवरून फिरल्या. पाण्यात बसेना, दुखण्यात बसेना, लाजेत बसेना. नवऱ्याच्या ढिगावर क्षणभर धरली आणि काढून घेतली. शेवटी ती त्यांनी सगळ्यांपासून लांब, एकटीच फरशीवर ठेवली आणि तिच्यावर ठेवायला काही शोधू लागल्या. वजनं सगळी संपली होती.

वारं आत आलं. पट्टीचं टोक उचललं.

मी खाली बसलो आणि तिच्यावर बोट ठेवलं.